मेजरची उमेदवारी

सयाजी फौजेतून सुटून कुंडलला आला, त्या दिवशी गावाचा उत्साह बघून परक्या माणसाला वाटलं असतं, की सयाजी रिटायर झालेला नसून फौजच त्याच्यापुढं हात टेकून घरी गेलीय. स्टँडवर फुलांनी मढवलेली उघडी जीप. जीपच्या पुढं छातीत धडधड उठवणारा डीजे. आणि चौकात एक जेसीबी सोंड वर करून तयार. जीप सोंडेखाली आली की तिच्यातून झेंडूच्या पाकळ्या आणि गुलाल सयाजीवर ओतायचा, असा बेत होता. तो पार पडला, तेव्हा सयाजीच्या कानात, नाकात आणि कडक इस्त्रीच्या कॉलरीत गुलाल गेला, आणि पुढं कितीतरी दिवस तो लाल शिंकत होता.

चौकात फ्लेक्स लागला होता. मधोमध सयाजीचा फोटो, आणि त्याच्या डोक्यावर, त्याच्यापेक्षा मोठे, गावच्या यच्चयावत पुढाऱ्यांचे फोटो. खाली ठसठशीत अक्षरांत ‘मेजर सयाजी यांचे हार्दिक स्वागत’. सयाजी खरं तर हवालदार म्हणून सुटला होता. पण आपल्या भागात फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. फौजेत एक फीत चढायला वर्षं जातात. गावात स्टँडपासून देवळापर्यंत जाईस्तोवर माणूस सगळ्या बढत्या घेऊन मोकळा होतो. सयाजीनं जीपमधून वाकून वडलांच्या कानात सांगितलं, की मी मेजर न्हाई. लालासाहेबांनी नवा फेटा सावरला आणि म्हणाले, "आता हाईस."

भाषणं झाली. गावाला सयाजीचा अभिमान आहे, असं प्रत्येकानं सांगितलं. सयाजी आता करणार काय, हे मात्र कुणाच्याच तोंडून आलं नाही.

लालासाहेबांच्या मते तो प्रश्नच नव्हता. पेन्शन होती. ऊस थोरला मुलगा बघत होता, आणि सयाजी बांधावर दिसला की तो त्याला पाहुण्यासारखी खुर्ची आणून देई. मेजरनं आता काही करायचं नव्हतं, नुसतं दिसायचं होतं. लग्नात पहिल्या रांगेत, झेंडावंदनाला खांबाजवळ, दुपारी पारावर. सयाजी अडतीस वर्षांचा होता. अंधारात उठून तो कारखान्याच्या रस्त्यानं पळून यायचा, दाढी करायचा, बुटाला पॉलिश मारायचा आणि उजाडता उजाडता एकदम तयार होऊन ओट्यावर बसायचा. त्यानंतर दिवसभर काहीच घडायचं नाही. त्याची बायको पूजा धुणं वाळत घालताना म्हणायची, की तुमी बसलाय का पहाऱ्यावर हायसा, तेच कळत न्हाई.

आपल्याला काय करायचंय ते सयाजीचं मात्र कधीच ठरलं होतं. बर्फातल्या एका चौकीवर असताना तिथला जनरेटर जळाला. दिवे गेले, गरम पाणी गेलं, रेडिओ मुका झाला. वरची सगळी शूर माणसं त्या थंडगार लोखंडाभोवती नुसती फेऱ्या मारत राहिली. मग खालून खेचरावर बसून एक कारागीर आला. सुटलेली ढेरी, गालात तंबाखू, आणि सलाम कुणाला ठोकायचा याची फिकीर नाही. त्यानं जळकी तार उपसली, नवी भरली, आणि संध्याकाळी बल्ब लागला. तेव्हा साहेबांनी स्वतःच्या हातानं त्याला चहा नेऊन दिला. साहेबांना कुणाला चहा देताना सयाजीनं उभ्या नोकरीत बघितलं नव्हतं. हातात रायफल नसली तर आपल्याला काहीही येत नाही, हे त्याला त्या बल्बच्या उजेडात स्वच्छ दिसलं. सुटल्यावर मोटर भरायचं काम शिकायचं, हे त्यानं तिथंच मनाशी पक्कं केलं.

सुटायच्या आधी जवानाला एखादा कोर्स करता येतो, म्हणजे बाहेरच्या जगात तो अगदीच गांगरू नये. सयाजी मोटर वायंडिंगला नाव देणार होता. पण नेमका तो भाचीच्या लग्नाला सुट्टीवर आला, चार दिवस जास्त राहिला, आणि परत जाईपर्यंत त्याच्यासाठी फक्त इव्हेंट मॅनेजमेंट उरलं होतं. सतरा वर्षं बंदूक धरलेल्या हातांनी तो कागदी रुमालाचा हंस करायला शिकला. त्याचं सर्टिफिकेट लालासाहेबांनी फ्रेम करून बैठकीत लावलं. इंग्रजीत असल्यानं ते शौर्याचंच असणार, असं आल्यागेल्याला वाटे आणि लालासाहेब त्यांचा गैरसमज दूर करत नसत.

ओट्यावर बसून कंटाळलेला सयाजी साताऱ्याला माजी सैनिकांच्या रोजगार मेळाव्याला गेला. मोठा मांडव, रांगेनं स्टॉल, आणि प्रत्येक स्टॉलवर सिक्युरिटी. कुठं बँकेची, कुठं मॉलची, कुठं एटीएमची. एकाची टोपी निळी आणि दुसऱ्याची काळी, एवढाच काय तो निवडीला वाव. मला कारागिरीचं काम शिकायचंय, असं सयाजीनं एका टायवाल्याला सांगितलं, तर तो खूश होऊन म्हणाला की टेक्निकल पण आहे ना सर, सीसीटीव्ही बघत बसायचं. दुपारी सगळ्यांना शाल आणि पुलाव मिळाला. शाल घालतानाचा फोटो दोनदा काढला, कारण पहिल्या फोटोत पाहुण्यांचे डोळे मिटले होते.

मग तो पलूसकडच्या एका कारखान्यात गेला. शिकाऊ उमेदवार पाहिजेत अशी पाटी त्यानं फाटकावर वाचली होती. आत प्रियदर्शनी नावाची मॅनेजर होती, वयानं लहान, बोलायला अतिशय गोड. फौजेतून आलोय म्हणताच ती उभी राहिली. काम शिकायचंय म्हणताच बसली. शिकाऊ म्हणून आम्ही आयटीआयची मुलं घेतो, तुमचं वय बसत नाही, असं तिनं समजावलं. आणि बसलं असतं तरी देशाची सेवा केलेल्या माणसाच्या हातात मी पुसायचं फडकं कसं देऊ, तुमच्यासाठी गेटवर सन्मानाची जागा आहे, असंही म्हणाली.

सयाजी म्हणाला, "सतरा वर्षं गेटवरच हुतो, मॅडम. आत काय चालतंय ते एकदा बघावं म्हणलं."

प्रियदर्शनीला तो विनोद वाटला. ती मनापासून हसली आणि गेटवर माणूस लागला तर असावा म्हणून तिनं त्याचा नंबर लिहून घेतला.

याच सुमारास त्याचा चुलतभाऊ शिवतेज मदतीला धावून आला. आपल्या भागात ऊस आणि भरतीच्या अकॅडम्या ही दोनच पिकं बारमाही. शिवतेज स्वतः भरतीत तीनदा छातीच्या मापात बसला नव्हता, म्हणून त्यानं शिकवायचं ठरवलं होतं. खंडानं घेतलेलं रान, एक लोंबता दोर, ट्रॅक्टरची टायरं आणि पत्र्याची शेड, एवढी त्याची अकॅडमी. उणीव होती ती मेजरची. सयाजीनं काळा गॉगल लावून मैदानाच्या कडेला उभं राहायचं आणि अधूनमधून ओरडायचं, एवढंच काम. फ्लेक्सवर त्याच्या छातीवर दुसऱ्याच कुणाची तरी पदकं चिकटवून खाली ‘कमांडो मेजर’ असं लिहिलेलं होतं.

सयाजी ओरडायचा. ते त्याला चांगलं जमायचं. पण एके दिवशी एक बाप लेकाला घेऊन आला आणि साहेब, पोरगं लागंल न्हवं, असं विचारलं. शिवतेजनं शंभर टक्के म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात सयाजीनं पोराला नजरेनं मोजलं आणि सांगितलं की उंची बसत नाही, ती दोर चढून वाढत नसते, त्याला आयटीआयला घाला. बाप लेकाला घेऊन उठला. त्याच्यामागं आणखी दोघं उठले. दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवर सयाजीच्या धडावर दुसऱ्याचं डोकं होतं. पदकं तीच होती.

आता फक्त आष्टा उरलं होतं. आष्ट्याच्या स्टँडजवळ शमशेर मुलाणींचं मोटर भरायचं दुकान होतं. कृष्णेच्या दोन्ही अंगांच्या विहिरींवर मोटर जळाली की ती टेंपोत पडून त्यांच्याच दारात यायची. सयाजी मोटारसायकलवरून पूल ओलांडून तिथं गेला. शमशेरभाईंनी गिऱ्हाईक समजून खुर्ची दिली, चहा सांगितला. येणं कशासाठी झालंय ते कळल्यावर त्यांचा चहा हातातच राहिला.

"आवं मेजर," ते म्हणाले, "तुमास्नी मी पाना आण म्हणून कसं सांगू? माझी जीभ वळायची न्हाई."

मागं खिडकीजवळ त्यांची मुलगी नूरीन एका मोटरीच्या पोटात तार बसवत होती. शमशेरभाईंची नजर अधू झाल्यापासून दुकानातलं बारीक काम तीच करायची. तिनं मान वर न करता सांगितलं, "माझी वळंल."

तिच्या अटी थोड्या होत्या. दुकानात मेजर कुणी नाही. काम येईस्तोवर पगार नाही. आणि उद्यापासून ते बूट नकोत, त्यांच्यात बघून गिऱ्हाईक भांग पाडत बसेल. सयाजीनं सवयीनं टाचा जुळवल्या आणि यस मॅडम म्हणाला. नूरीननं ताई चालेल म्हणून सांगितलं.

घरी येऊन त्यानं वडलांना सांगितलं, की आष्ट्यात उमेदवारी करतोय. हा शब्द त्यानं त्या कारखान्याच्या पाटीवरून उचलला होता. पण कुंडलला उमेदवारीचा एकच अर्थ ठाऊक आहे. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मेजर उभा राहतोय. एका गटाचे लोक पेढे घेऊन आले आणि पॅनेल कुठलं ते आडून आडून विचारू लागले. दुसऱ्या गटाच्या लोकांनी पेढे न आणता तेच विचारलं. कुंडलचा माणूस आष्ट्यात कसा उभा राहतो, असा प्रश्न एका म्हाताऱ्याला पडला, पण फौजेतल्या माणसाला कुठूनही उभं राहता येतं असं सांगून त्याला गप्प केलं गेलं. लालासाहेब दोन दिवस घरातसुद्धा फेटा बांधून बसले. पेढे वाटून झाल्यावर कुणीतरी आष्ट्याला जाऊन आला आणि त्यानं पारावर सांगितलं, की मेजर शमशेरच्या दुकानात केर काढतोय.

लालासाहेबांनी सयाजीशी बोलणं टाकलं. बोलले ते पूजाशी, पण सयाजीला ऐकू जाईल अशा बेतानं. फौजेतला माणूस मुलाण्याच्या दुकानात झाडलोट करतो, आपण भावकीला तोंड कसं दाखवायचं, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्या स्वतःच्या विहिरीवरची मोटर आजवर जितक्यांदा जळाली तितक्यांदा त्याच मुलाण्याच्या हातानं भरली गेली होती, आणि ते पाणी पिताना उसानं कधी जात विचारली नव्हती. पूजानं एवढं सगळं बोलून दाखवलं नाही. तिनं डबा भरला आणि सयाजीच्या हातात दिला.

दुकानातही सयाजीचं लगेच जमलं असं नाही. पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं नसताना त्यानं सगळी हत्यारं उंचीप्रमाणं भिंतीला लावली, तारांची रिळं डावीकडून उजवीकडं सजवली आणि तपासणीसाठी बाजूला उभा राहिला. शमशेरभाईंना नंतर आठवडाभर स्वतःच्या दुकानात पक्कड सापडत नव्हती. नूरीननं हाक मारली की तो असा दणदणीत यस म्हणायचा, की दारातलं गिऱ्हाईक दचकायचं. भाऊ, हितं कुणी भैरं न्हाई, असं तिला रोज सांगावं लागे. छिन्नीनं जळकी तार तोडून, ओढून काढायचं काम त्याला मिळालं. हातांना फोड आले, करपलेल्या वार्निशचा वास अंगातून जाईना. पुढं कॉईल गुंडाळायच्या यंत्राचा हँडल हातात आला, तेव्हा त्यानं वेढे मोजले ते परेडच्या चालीवर. एक-दो-एक, एक-दो-एक. ती कॉईल किती वेढ्यांची झाली, ते देवालाही सांगता आलं नसतं. नूरीननं ती उलगडून परत त्याच्या हातात दिली.

तरी तो शिकत गेला. पावसाळा गेला, उसाला तोड आली, तोड संपली. कागद कापून खाचांत बसवणं, त्यांत कॉईल सोडणं, बांधणं, हे त्याच्या बोटांना कळायला लागलं. आणि नेमकं तेव्हाच, थोडं यायला लागल्यावर माणसाला सगळं आल्यासारखं वाटतं, ती वेळ आली.

ऐन उन्हाळ्यात लालासाहेबांच्या विहिरीवरची मोटर जळाली. अबोला विसरून लालासाहेब सयाजीपुढं येऊन बसले. आष्ट्याला न्यायचं कारण नाही, तूच भर, आणि गावासमोर चालू कर, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे मेजर केर काढत नव्हता, इंजिनेर होत होता, हे एकदाचं सिद्ध होईल. आपण अजून कच्चे आहोत, जोडणी आपण एकट्यानं कधी केलेली नाही, हे सयाजीला पक्कं ठाऊक होतं. पण वर्षभरानं बाप तोंडाकडं बघून बोलत होता. शुक्रवारी दुकान बंद असतं, तेव्हा त्यानं ओट्यावर मोटर भरली. नूरीनला विचारलं नाही.

विहिरीवर सोहळा झाला. भावकी आली, दोन्ही गटांचे पुढारी आले, पुढाऱ्यांना बसायला मळ्यात सोफा आला. मोटरीला हळदकुंकू लागलं, हार पडला. लालासाहेब कुणालातरी सांगत होते, की ही फौजी पद्धतीनं भरलेली मोटर आहे. शिवतेज मोबाईल उंच धरून सगळं चित्रित करत होता. सयाजीनं स्टार्टर दाबला. मोटर फिरली नाही. दावं तोडायला निघालेल्या रेड्यासारखी ती घुमली, थरथरली, आणि तिच्या पोटातून निळा धूर निघाला. धुरात पहिल्यांदा हार पेटला. सोफ्यावरची माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी पाण्याची बादली मागितली, आणि पाणी काढायला मोटर बंद आहे हे सगळ्यांच्या एकदम ध्यानात आलं.

हसायला सुरुवात कुणी केली ते समजलं नाही. शिवतेजचा व्हिडिओ माणसं घरी पोचायच्या आत कुंडलभर झाला होता. लालासाहेब आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजले. सयाजी त्या जळक्या मोटरीजवळ उन्हात बसून राहिला. चौकीवर गोळीबार झाला तर आडोसा कुठं घ्यायचा ते त्याला शिकवलेलं होतं. इथं आडोसा नव्हता. पूजा भाकरी घेऊन आली आणि म्हणाली, "आता हितं बसून ती थंड व्हायची तेवढीच व्हणार. उद्या घेऊन जावा तिकडं."

सकाळी त्यानं मोटर टेंपोत घातली आणि आष्ट्याला नेली. दुकानात नूरीननं व्हिडिओ बघितलेला होता. ते तिच्या तोंडावरूनच दिसत होतं. सयाजी सगळं सांगायला लागला, तर तिनं हातानं थांबवलं आणि मोटर खोलायला सांगितलं. त्यानं ती खोलली. टोकं तपासायलाही तिनं त्यालाच लावलं. एका कॉईलगटाची जोडणी उलटी होती. ते त्याला स्वतःलाच सापडलं, आणि त्यानं मान खाली घातली.

"माझ्याकडं आणली असती तर मी हातातनं काढून घेतली नसती," नूरीन म्हणाली. "शेजारी बसले असते, एवढंच."

त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या असं सयाजीला वाटलं. शमशेरभाईंनी चहा मागवला आणि सांगितलं, की आपणही सुरुवातीला आष्ट्यातल्या एका मातबराची मोटर अशीच जाळली होती. फरक एवढाच की तवा मोबाईल नव्हते, नाहीतर हे दुकान उभं राहिलंच नसतं. नूरीननं सयाजीला परत छिन्नीवर बसवलं. पुन्हा पहिल्यापासून. पावसाळा सुरू होईस्तोवर तो फक्त जळक्या तारा काढत होता, आणि हाक आली की हळू आवाजात व्हय ताई म्हणत होता. लालासाहेबांची मोटर मात्र तिनं त्याच्याकडूनच भरून घेतली, शेजारी बसून. ती विहिरीवर सोडायला कुणाला बोलावलं नाही. ती चालली.

आता कुंडलच्या रस्त्याला, आष्ट्याच्या दुकानाचीच शाखा म्हणून, सयाजीचं पत्र्याचं दुकान आहे. दुपारी पूजा येऊन कॉईल गुंडाळते. तिनं कधी परेड केलेली नसल्यानं तिचे वेढे चुकत नाहीत. त्याला बोटं काळी झाल्यापासून झेंडावंदनाचं बोलावणं येत नाही. लालासाहेब पारावर सांगतात की मेजरला गरज न्हाई, हौस हाय. ऐकणारे माना डोलावतात आणि मोटर जळाली की हौशी माणसाकडं घेऊन येतात.

परवाच्या उन्हाळ्यात केरबा नावाचा शेतकरी दुकानात आला तो पेटूनच. मोटर आज देतो, उद्या देतो म्हणून सयाजीनं त्याला हेलपाटे घालायला लावले होते, आणि तिकडं त्याचा ऊस वाळत होता. केरबानं दारातूनच सुरुवात केली. सयाज्या, लबाड, फसव्या, असं करत तो सयाजीच्या सात पिढ्यांपर्यंत गेला आणि त्यांनाही मोकळं सोडलं नाही. फौजेतला माणूस, आता काय करतो कुणास ठाऊक, म्हणून दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं मागं सरकली. सयाजीनं हातातली पक्कड खाली ठेवली, चूक कबूल केली आणि संध्याकाळी ये म्हणाला.

तो गेल्यावर सयाजी गालातल्या गालात हसत होता. पूजानं विचारलं, की एवढ्या शिव्या खाऊन खूश कशानं झालासा.

"शिव्या दिल्या," सयाजी म्हणाला, "पर मोटर उचलून दुसऱ्याकडं न्हाई नेली."

संध्याकाळी केरबा आला. मोटर फिरवून बघितली, कान लावून ऐकली, टेंपोत चढवली. बरी झालीय असं काही म्हणाला नाही. पुढच्या टायमाला उशीर केलास तर बघ, एवढं सांगून गेला.